सॅम पित्रोदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परगावी-परदेशी फोन करायच्या सार्वजनिक टेलिफोन केंद्रांवरच्या, 'एसटीडी-आयएसडी-पीसीओ' लिहिलेल्या पिवळ्या पाट्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे नाव नवीन नाही. मोबाइल आल्यानंतर जन्मलेल्यांना ते बहुतेक वेळा बातम्यांतल्या राजकीय वादांमुळे माहीत असतं. दोन्ही पिढ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

सॅम पित्रोदा नेमके कोण?

दूरसंचार अभियंता, संशोधक, उद्योजक आणि दोन पंतप्रधानांचे सल्लागार. भारतात 'सी-डॉट' ही दूरसंचार संशोधन संस्था उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. टेलिफोन ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू न राहता गावातल्या माणसाच्या हाताशी यावी, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. माझ्या मते त्यांचं मोठेपण कुठल्या एका यंत्रात नाही. "शंभर माणसांमागे फोन किती?" या प्रश्नाच्या जागी त्यांनी "फोनपर्यंत पोचू शकणारी माणसं किती?" हा प्रश्न आणला, त्यात आहे.

त्यांचं खरं नाव काय? 'सॅम' कुठून आलं?

नाव सत्यनारायण, रूढ झालं ते सत्यन. पूर्ण नाव सत्यन गंगाराम पित्रोदा. अमेरिकेत सुरुवातीच्या नोकरीत पगाराचे चेक काढणाऱ्या बाईंना 'सत्यन' जमेना, म्हणून त्यांनी परस्पर 'सॅम' लिहून टाकलं आणि तेच कायम झालं, असं पित्रोदा स्वतः सांगतात.

जन्म, घर आणि शिक्षण?

जन्म १९४२ चा, ओडिशातल्या तितलागढचा. कुटुंब मूळचं गुजरातचं, सुतारकाम करणाऱ्या समाजातलं, पोटापाण्यासाठी ओडिशात स्थायिक झालेलं. आईवडिलांवर गांधीजींचा मोठा प्रभाव होता. मुलांनी गुजराती शिकावं, गांधीविचारात वाढावं म्हणून त्यांना लहानपणीच गुजरातेत वल्लभ विद्यानगरला शिकायला पाठवलं गेलं. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि १९६४ मध्ये ते शिकागोला गेले. तिथल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्युत अभियांत्रिकीची मास्टर्स केली.

अमेरिकेला जाईपर्यंत त्यांनी आयुष्यात कधी टेलिफोन वापरला नव्हता. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, पण त्या काळात छोट्या गावातून आलेल्या मुलाच्या बाबतीत ते अगदी साहजिक होतं.

अमेरिकेत त्यांनी काय केलं? पैसा कुठून मिळवला?

१९६६ मध्ये ते शिकागोजवळ 'जीटीई' या मोठ्या टेलिफोन कंपनीत लागले. टेलिफोन एक्स्चेंज यांत्रिकी पद्धतीकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीकडे वळत होते तो हाच काळ. पित्रोदा त्या बदलाच्या ऐन मध्यावर काम करत होते आणि एकामागून एक पेटंट घेत होते. १९७४ मध्ये मोठी नोकरी सोडून ते 'वेसकॉम स्विचिंग' या नव्या छोट्या कंपनीत गेले आणि तिथे '५८० डीएसएस' हा डिजिटल स्विच तयार केला. तो १९७८ मध्ये बाजारात आला. मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या सुरुवातीच्या डिजिटल स्विचपैकी तो एक.

१९८० मध्ये रॉकवेल इंटरनॅशनलने वेसकॉम विकत घेतली. पित्रोदांचा कंपनीत हिस्सा होता, त्यामुळे चाळिशीच्या आतच ते डॉलरमध्ये लक्षाधीश झाले, शिवाय रॉकवेलमध्ये उपाध्यक्षही. पुढची दहा वर्षं त्यांनी भारतात जवळजवळ फुकट काम केलं, त्याला आधार होता तो याच पैशाचा.

त्याच काळात, १९७५ च्या सुमारास, त्यांनी हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायरीचीही कल्पना मांडून पेटंट घेतलं होतं.

डिजिटल स्विच म्हणजे काय? तो एवढा महत्त्वाचा का?

तुम्ही नंबर फिरवला की तुमची तार समोरच्याच्या तारेला जोडून देण्याचं काम एक्स्चेंज करतं. जुन्या स्ट्राउजर आणि क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये हे काम हलणारे धातूचे भाग करायचे. हजारो रिले (विजेने उघडझाप करणारे स्विच), हजारो संपर्कबिंदू. धूळ बसली की बिघाड, दमट हवा लागली की बिघाड. देखभालीला माणसांची फौज लागायची.

डिजिटल स्विचमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या आठ अंकांत, लिहितात. म्हणजे एका संभाषणासाठी सेकंदाला ६४,००० बिट. मग तारा प्रत्यक्ष जोडण्याची गरजच उरत नाही. कोणाचे बिट कोणत्या वेळी कोणाकडे पाठवायचे, एवढंच ठरवायचं असतं आणि ते सॉफ्टवेअर ठरवतं. हलणारा भाग नाही, जागा कमी, सुधारणा करायची तर प्रोग्रॅम बदलायचा.

भारतासाठी याला आणखी एक अर्थ होता. परदेशी क्रॉसबार यंत्रं अशा देशांसाठी बनली होती जिथे घरोघरी फोन होता आणि एका फोनवरून दिवसभरात मोजकेच कॉल व्हायचे. आपल्याकडे एक फोन अख्खी चाळ वापरायची. आपल्याला निरोप मिळावा म्हणून दिले जाणारे शेजाऱ्यांचे 'पी.पी. नंबर' आठवा. एकेका लाइनवर पडणारा हा भार त्या यंत्रांना पेलत नव्हता. आपल्या गर्दीचा हिशेब धरून बनवलेला स्विच हवा होता आणि तसा कोणी विकत देणार नव्हतं.

सगळं सुखाचं असताना भारतात परतायचं कसं सुचलं?

१९८० च्या सुमारास ते दिल्लीत आले. हॉटेलातून शिकागोला पत्नीशी बोलायचा प्रयत्न केला, फोन लागेना. खिडकीतून खाली पाहिलं तर लोक बंद पडलेल्या टेलिफोनांची प्रेतयात्रा काढून घोषणा देत चालले होते. हा प्रसंग त्यांनी अनेकदा सांगितला आहे.

तेव्हा देशात २५ लाखांहूनही कमी फोन होते आणि त्यातले बहुतेक शहरांत. नवीन फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा, तोही ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगून, आणि मग यंत्राशेजारी बसून राहायचं. सरकारदरबारी फोन ही चैनीची वस्तू समजली जात होती. प्यायला पाणी नाही तिथे फोन कशाला, असा विचार. पित्रोदांना तो मान्य नव्हता. गावात डॉक्टर बोलवायचा, बाजारभाव विचारायचा, पंप बंद पडला ते कळवायचं, तर साधन लागतंच. ज्याच्याकडे गाडी आहे, ओळखी आहेत, त्याचं फोनवाचून भागतं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला फोनची गरज सर्वांत जास्त असते, असं ते म्हणत आणि मला ते आजही पटतं.

इंदिरा गांधींना ते कसे भेटले?

पंतप्रधानांची दहा मिनिटं मिळतील असा निरोप आला. दहा मिनिटांत काही सांगून होणार नाही, तास हवा, असं त्यांनी कळवलं आणि ती भेट नाकारली. शेवटी १९८१ मध्ये त्यांना तासभर मिळाला. मंत्री आणि अधिकारीही समोर होते. मोठे एक्स्चेंज आयात करत बसण्यापेक्षा देशातल्या तरुण अभियंत्यांकडून आपल्या हवामानाला, आपल्या गर्दीला झेपणारे एक्स्चेंज बनवून घ्या, सुरुवात गावांपासून करा, असं त्यांचं मांडणं होतं. राजीव गांधींशी त्यांची ओळख याच काळातली. पुढे ती घट्ट मैत्री झाली आणि त्या मैत्रीचा कामाला फायदा झाला, तसाच नंतर त्रासही.

सी-डॉट कशी सुरू झाली?

ऑगस्ट १९८४ मध्ये. मागणी साधी होती : ३६ कोटी रुपये आणि ३६ महिने. संस्था सरकारी पैशावर चालणारी, पण सरकारी खात्याच्या चौकटीबाहेर, स्वायत्त. दिल्लीत सरकारी अकबर हॉटेलच्या इमारतीत आणि बंगळूरमध्ये काम सुरू झालं. भरती झाली ती नुकत्याच पदव्या घेतलेल्या मुलामुलींची. सरासरी वय पंचविशीच्या आसपास. पित्रोदा स्वतः वर्षाला १ रुपया पगार घेत.

सरकारी कचेरीत साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळणाऱ्या त्या काळात इथे नवखा अभियंता थेट प्रमुखाशी वाद घालू शकत होता. अनेकांना इथे आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की परदेशी न जाता, आपल्याच देशात, जागतिक दर्जाचं काम करता येतं. त्या पिढीतली माणसं पुढे देशातल्या कितीतरी तंत्रज्ञान कंपन्यांत आणि संस्थांत पसरली. सी-डॉटची ही मिळकत कुठल्याच ताळेबंदात लिहिलेली नाही, पण तिचं मोल मला यंत्रांइतकंच वाटतं.

'रॅक्स' म्हणजे काय? गावच्या एक्स्चेंजचं एवढं कौतुक का?

रॅक्स म्हणजे रूरल ऑटोमॅटिक एक्स्चेंज, गावासाठी बनवलेलं छोटं स्वयंचलित एक्स्चेंज. १२८ पोर्टचं, म्हणजे तेवढ्या जोडण्यांची सोय असलेलं. जुलै १९८६ मध्ये पहिलं रॅक्स बसलं ते कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. राणी चन्नम्मांच्या कित्तूरला.

परदेशी डिजिटल एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची. गावात एसी बसवला तरी वीज कुठून आणणार? वीज गेली की एसी बंद, एसी बंद की यंत्र तापून बंद. म्हणजे यंत्राच्या किमतीवर एसी, जनरेटर, डिझेल आणि ते सांभाळणारा माणूस असा सगळा बोजा चढत जाई आणि शेवटी कोणीतरी म्हणे, "गावात हे परवडत नाही."

रॅक्सच्या मंडळींनी उलट्या टोकाने सुरुवात केली. एसी नसणार, धूळ असणार, उन्हाळा कडक असणार, वीज वारंवार जाणार, हे सगळं आधीच गृहीत धरलं. मग कमी वीज खाणारे भाग निवडले, त्यामुळे उष्णताच कमी निर्माण झाली. जी झाली ती हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने बाहेर जाईल अशी मांडणी केली. बिघडलेलं कार्ड काढून दुसरं बसवलं की काम सुरू, म्हणजे गावात मोठा तज्ज्ञ लागत नाही. साध्या खोलीत, बॅटरीच्या आधारावर हे यंत्र चालायचं.

गरिबांसाठी केलेलं तंत्रज्ञान दुय्यम असतं असा एक समज आहे. रॅक्सचं काम मोठ्या एक्स्चेंजपेक्षा अवघड होतं, कारण अडचणी जास्त होत्या आणि पैसा कमी. तंत्रज्ञान सी-डॉटने स्वतःपाशी ठेवलं नाही. सरकारी आणि खासगी कारखान्यांना परवाने देऊन उत्पादन त्यांच्यावर सोपवलं, त्यामुळे सुटे भाग बनवणारे उद्योगही देशात उभे राहिले.

हे सगळं पित्रोदांनी एकट्याने केलं का?

नाही. हा प्रश्न विचारला जातो याचा मला आनंद आहे, कारण गोष्ट सांगताना बाकीची नावं गळून जातात. सी-डॉटच्या उभारणीत जी. बी. मीमांसी आणि डॉ. एम. व्ही. पिटके या दोघांचा वाटा पायाभूत आहे. मीमांसी दूरसंचार खात्याच्या संशोधन केंद्रातून आले. पिटके मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधले. तिथे डिजिटल स्विचिंगवर आधीपासून काम चालू होतं. म्हणजे देशात ज्ञान होतं, माणसं होती. त्यांना एकत्र आणणारा, त्यांच्यासाठी राजकीय पाठबळ मिळवणारा आणि वेळापत्रकाचा धाक घालणारा माणूस नव्हता. ती जागा पित्रोदांनी भरली.

३६ महिन्यांत काम पूर्ण झालं का?

अर्धंच. छोटी एक्स्चेंज आणि रॅक्स तयार होती. शहरांसाठीचं हजारो लाइनींचं मोठं एक्स्चेंज मात्र १९८७ मध्ये ठरल्या वेळी तयार नव्हतं, त्याला आणखी काही वर्षं लागली. टीका झाली आणि ती रास्त होती; तारीख स्वतः जाहीर केली की तिच्यावर लोक बोट ठेवणारच. तोवर फ्रान्सच्या अल्काटेलच्या तंत्रज्ञानावर उत्तर प्रदेशात मनकापूरला सरकारी कारखान्यात एक्स्चेंज बनू लागली होती, त्यामुळे तुलनाही होत राहिली. मोठं एक्स्चेंज लांबलं हे खरं, पण त्यामुळे गावच्या एक्स्चेंजचं यश खोटं ठरत नाही.

पिवळ्या पाटीचे पीसीओ ही त्यांचीच कल्पना का?

सार्वजनिक फोन जगभर आधीपासून होते, पण ते नाणं टाकून चालणारे, भिंतीवर टांगलेले, मोडतोडीला आमंत्रण देणारे. पित्रोदांनी ज्या पद्धतीचा आग्रह धरला ती वेगळी होती : साध्या फोनला मीटर जोडायचा, तो एखाद्या माणसाच्या हवाली करायचा आणि प्रत्येक कॉलवर त्याला कमिशन द्यायचं. मग फोनची काळजी घेणं हाच त्या माणसाचा धंदा होतो. तो पहाटे उघडतो, मध्यरात्री बंद करतो. परवाने देताना अपंग व्यक्तींना प्राधान्य मिळालं आणि हजारो घरांत त्यातून चूल पेटली.

काचेची केबिन, आत लाल आकड्यांचा मीटर, बाहेर आल्यावर छापील पावती. रात्री उशिरा दर उतरत म्हणून तेव्हा लागणाऱ्या रांगा. वसतिगृहातली मुलं, नोकरीसाठी घर सोडलेली माणसं, सगळी त्या रांगेत असत. स्वतःचा फोन नसतानाही फोन वापरणारी ही भारताची पहिली मोठी पिढी. घरोघरी फोन पोचायला अजून अवकाश होता, तरी फोन गाठता येत होता.

ते वर्षाला १ रुपया घेत, मग घर कसं चालत होतं?

अमेरिकेत कमावलेल्या पैशावर. ते जवळजवळ दहा वर्षं खर्च होत राहिले. सरकारी पद स्वीकारता यावं म्हणून त्यांनी अमेरिकी नागरिकत्व सोडून पुन्हा भारतीय नागरिकत्व घेतलं. अमेरिकी नागरिकत्वासाठी लोक किती धडपडतात ते पाहता या निर्णयाची किंमत लक्षात यावी.

कौटुंबिक आयुष्याबद्दल काय माहीत आहे?

पत्नीशी ओळख बडोद्यातल्या विद्यार्थिदशेतली. जाती वेगळ्या, त्यामुळे त्या काळी लग्न सोपं नव्हतं. १९६६ मध्ये अमेरिकेत लग्न झालं. एक मुलगा, एक मुलगी. १९८० च्या दशकात शिकागोचं घर सोडून कुटुंब दिल्लीत आलं. नवऱ्याचं ध्येय, दोन देशांतली ये-जा आणि आटत चाललेली गंगाजळी यांचा भार घरच्यांनीही वाहिला. कर्तृत्वाच्या गोष्टीत हा भाग दोन ओळींत उरकला जातो. घरच्यांनी सार्वजनिक जीवनापासून अंतर ठेवलं आहे, म्हणून इथेही त्याहून जास्त लिहीत नाही.

तंत्रज्ञान मिशन काय होती?

१९८७ मध्ये पित्रोदा पंतप्रधान राजीव गांधींचे सल्लागार झाले. पिण्याचं पाणी, लसीकरण, साक्षरता, तेलबिया, दूरसंचार आणि पुढे दुग्धव्यवसाय, अशा विषयांवर मुदत आणि जबाबदारी ठरवून मोहिमा आखल्या गेल्या. पाणी मिशनमध्ये नारू या दूषित पाण्यातून होणाऱ्या कृमिरोगाचं उच्चाटन हे एक काम होतं. महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना पायातून निघणारा तो नारू आठवत असेल. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. श्रेय अर्थात गावोगावी विहिरी तपासणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं. मिशनने त्यांच्या कामाला दिशा आणि पाठबळ दिलं.

१९९० मध्ये त्यांच्यावर आरोप झाले होते ना?

हो. १९८९ मध्ये ते दूरसंचार आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षअखेर सरकार बदललं. नव्या दूरसंचार मंत्र्यांनी, के. पी. उन्नीकृष्णन यांनी, त्यांच्यावर जाहीर आरोप केले. ते सिद्ध झाले नाहीत. याच काळात पित्रोदांना हृदयविकाराचा झटका आला, बायपास शस्त्रक्रिया झाली. मे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. पैसा संपला होता, मुलं शिकत होती. ते शिकागोला परतले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा कमवायला लागले.

नंतर उद्योगात काय केलं?

विकसनशील देशांत दूरसंचारासाठी भांडवल उभं करायला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९५ मध्ये 'वर्ल्डटेल' सुरू केली, तिचे ते पहिले अध्यक्ष. त्यांची स्वतःची कंपनी 'सी-सॅम' मोबाइलमधल्या पाकिटावर, म्हणजे फोनवरून पैसे देण्याच्या सोयीवर, काम करत होती, आणि तेही स्मार्टफोन घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी. २०१४ मध्ये मास्टरकार्डने ती विकत घेतली.

राष्ट्रीय ज्ञान आयोगाचं काय झालं?

२००५ मध्ये मनमोहन सिंग सरकारने तो नेमला, पित्रोदा अध्यक्ष. ग्रंथालयांपासून उच्च शिक्षणापर्यंत अनेक शिफारशी झाल्या. आरक्षणाच्या धोरणावरून २००६ मध्ये आंद्रे बेतेय आणि प्रताप भानू मेहता या सदस्यांनी राजीनामे दिले. बऱ्याच शिफारशी कागदावर राहिल्या. ठोस उरलं ते राष्ट्रीय ज्ञान जाळं, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना जोडणारं वेगवान नेटवर्क. इथे सी-डॉटसारखं घडलं नाही, कारण माझ्या मते आयोगाकडे सल्ला देण्याचा अधिकार होता, काम करून घेण्याचा नव्हता.

भारतात मोबाइल आणि कॉम्प्युटर त्यांनीच आणले, हे खरं का?

नाही. मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यात सुरू झाली, तेव्हा ते सरकारात नव्हते. कॉम्प्युटरचा प्रसार तर अनेक संस्थांचं आणि माणसांचं काम. पित्रोदांच्या खात्यावर डिजिटल एक्स्चेंज, गावची टेलिफोन सेवा आणि पीसीओ आहेत. तेवढं पुरेसं आहे.

त्यांचं राजकारण?

२०१७ पासून ते काँग्रेसच्या परदेशस्थ शाखेचे प्रमुख. त्यांच्या अनेक विधानांवरून वाद झाले. मे २०२४ मध्ये अशाच एका वादानंतर त्यांनी पद सोडलं, जूनमध्ये पुन्हा नेमणूक झाली. त्या विधानांवर ज्याने त्याने आपलं मत बनवावं. कित्तूरच्या एक्स्चेंजचं मोजमाप त्या मतावरून करू नये, एवढीच विनंती.

पुरस्कार?

२००९ मध्ये पद्मभूषण.

सी-डॉट आज आहे का? काय करते?

आहे, दूरसंचार विभागाच्या अखत्यारीत. हरवलेला मोबाइल बंद करायला 'संचार साथी' वापरला असेल, तर त्यामागची यंत्रणा सी-डॉटची. बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी जाळं सप्टेंबर २०२५ मध्ये ओडिशातल्या झारसुगुडा इथून देशाला अर्पण झालं. त्यात टॉवरवरची रेडिओ उपकरणं तेजस नेटवर्क्सची, जुळणी टीसीएसची आणि कोअर नेटवर्क, म्हणजे कॉल आणि डेटा कुठे वळवायचा हे ठरवणारा भाग, सी-डॉटचा.